डॉक्टरांचे कपडे : कामाचे, फुरसतीचे आणि त्यांवरचा खर्च

कृष्णाकाठ

डॉक्टरांच्या उत्पन्नाविषयी आणि त्यांच्या गाड्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्यांनी कामावर काय घालावे, ते कोणाच्या पैशांनी घ्यावे आणि ते कोठे धुतले जावे, हे मात्र वैद्यकीय महाविद्यालयातही कोणी नीट सांगत नाही. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे आणि पत्नी भूलतज्ज्ञ आहे. इतक्या वर्षांच्या व्यवसायानंतर माझे मत असे झाले आहे की, डॉक्टराने कामाच्या कपड्यांची किंमत वाढवण्यापेक्षा त्यांची संख्या वाढवावी आणि धुलाईवर हात आखडता घेऊ नये. या मतावर या चर्चामंचावरील डॉक्टरांचे, आणि डॉक्टर नसलेल्यांचेही, म्हणणे मला हवे आहे.

वैद्याच्या वेशाची चर्चा जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्यवसायासाठी बाहेर पडणाऱ्या वैद्याने नखे आणि केस कापलेले असावेत, शुभ्र वस्त्र नेसावे, पायांत पादत्राण घालावे आणि वेश उद्धट असू नये, असे सांगितले आहे. युरोप-अमेरिकेत मात्र पांढरा रंग बराच उशिरा आला. थॉमस ईकिन्स या अमेरिकन चित्रकाराने १८७५ मध्ये शस्त्रक्रियेचे जे चित्र रंगवले त्यात सर्जन आणि त्यांचे सहकारी काळ्या कोटांत उभे आहेत, आणि त्यानेच १८८९ मध्ये रंगवलेल्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या चित्रात सर्जन पांढऱ्या वस्त्रांत आहेत. मधल्या काळात जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जनचा जंतुनाशक विचार शस्त्रक्रियागृहात रुजला होता. पांढऱ्या कपड्यावर डाग लपत नाही, हा त्या रंगाचा खरा उपयोग होता. प्रतिष्ठा त्याला नंतर चिकटली, आणि आज आपण पुष्कळदा प्रतिष्ठेसाठी ॲप्रन, म्हणजे पांढरा कोट, घालतो व डाग दिसला तरी आठवडाभर तोच वापरतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

माझ्या ओपीडीत वातानुकूलन नाही. फिकट रंगाचे अर्ध्या बाह्यांचे शर्ट आणि गडद पँट एवढाच माझा पोशाख असतो. शुद्ध सुती शर्ट दुपारपर्यंत चुरगळतो, शुद्ध पॉलिएस्टर घामाने अंगाला चिकटतो, म्हणून मी मिश्र धाग्याचे कापड घेऊन शिंप्याकडून शिवून घेतो. एका भारी शर्टाच्या पैशांत तीन साधे शर्ट होत असतील तर मला तीन अधिक उपयोगी वाटतात, कारण दिवसातून दोनदा कपडे बदलण्याची वेळ माझ्यावर वारंवार येते.

फुरसतीच्या कपड्यांचा प्रश्न लहान गावात वेगळाच असतो. रविवारी बाजारात गेलो तरी मी डॉक्टरच असतो, भाजीच्या गाड्यापाशी कोणीतरी रक्ताचा रिपोर्ट पुढे करते, आणि त्या क्षणी अंगावर काय आहे याचा विचार मनात येतोच. मोठ्या शहरांतील डॉक्टरांना अनोळखी राहून हवे ते घालण्याची मोकळीक कितपत मिळते, ते वाचायला आवडेल.

परळचा निवासी

सर, मी मुंबईत दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे, म्हणून आमच्या बाजूचे सांगतो. आमच्यापैकी बहुतेकांचा पहिला ॲप्रन हिंदमाता बाजारातून किंवा महाविद्यालयासमोरच्या दुकानातून येतो. टेरिकॉटचा तयार ॲप्रन चारशे-पाचशे रुपयांत मिळतो आणि प्रथम वर्षाला दोन घेतले तर ते आंतरवासितेपर्यंत (इंटर्नशिपपर्यंत) पुरवायचे असतात. राज्यातील आंतरवासितांचे विद्यावेतन २०२४ मध्ये ११,००० वरून १८,००० रुपये झाले. त्यातून खाणावळ, पुस्तके आणि प्रवेश परीक्षेची शिकवणी भागवायची असेल, तर कपड्यांना उरणारी रक्कम किती असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

आपण संख्येविषयी आणि धुलाईविषयी जे लिहिले ते मला शब्दशः पटते, पण वसतिगृहात ती धुलाई करायची कोणी आणि केव्हा? आणीबाणीच्या ड्युटीनंतर खोलीवर परतलेला निवासी बादलीत ॲप्रन भिजवतो आणि झोपी जातो. पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही. मी ज्या रुग्णालयात आहे तेथे शस्त्रक्रियागृहाचे कपडे (स्क्रब) मिळतात, पण मापे फक्त मोठी असतात, नाड्या तुटलेल्या असतात आणि सकाळी उशीर झाला तर कपाट रिकामे असते. त्यामुळे आमच्या तुकडीतील जवळपास प्रत्येकाने स्वतःचे स्क्रब विकत घेतले आहेत. स्वतःचे स्क्रब असले की माणूस तेच घालून वॉर्डात जातो, त्यातच खाली चहाला उतरतो आणि त्यातच लोकलने घरी जातो. हे चुकीचे आहे हे आम्हा सर्वांना माहीत आहे. कपडे बदलायला स्वच्छ खोली आणि कुलूप लागणारे कपाट मिळाले तर त्यातले निम्मे उद्याच थांबेल.

तयार स्क्रबच्या नाममुद्रांविषयीही लिहितो. अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू झालेली ‘फिग्ज’ ही केवळ आरोग्यसेवकांचे कपडे विकणारी कंपनी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली, यावरून या बाजाराचा आकार कळतो. आपल्याकडेही आता ताणले जाणारे कापड, सहा-सात खिसे आणि निरनिराळे रंग देणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांचा एक जोड दीड ते तीन हजारांना पडतो. नियमित विद्यावेतन सुरू झाले की पहिल्या महिन्यात असा जोड घेणारे माझे पुष्कळ मित्र आहेत, आणि मी त्यांना उधळे म्हणणार नाही. आठवड्यातील बहुतेक जागते तास ज्या कपड्यांत जातात ते मापात बसावेत, ही इच्छा रास्त आहे. आमचे फुरसतीचे कपडे म्हणजे दोन जीन्स आणि काही टी-शर्ट, तेही रात्रीच्या ड्युटीत मोबाईलवरून मागवलेले.

गोदातीर

मी नाशिकला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. कृष्णाकाठ यांनी शर्ट-पँटचे सांगितले, आता स्त्री डॉक्टरांचे सांगते, कारण आमचा प्रश्न पहिल्या दिवसापासून खिशाचा आहे. पेन, मोबाईल, शिक्का, किल्ल्या आणि गर्भाच्या ठोक्यांचे लहान यंत्र एवढे तरी अंगावर हवे असते, आणि बाजारात मिळणाऱ्या कुर्त्यांना एकतर खिसा नसतो, किंवा असतो तो रुमालापुरता. त्यामुळे मी गेली अनेक वर्षे कापड मीटरवर घेऊन शिवून घेते. दोन्ही बाजूंना खोल खिसे, बाही कोपराच्या वर, आणि ओढणी नाही. प्रसूतिकक्षात ओढणी आणि साडीचा पदर दोन्ही अडचणीचे ठरतात. बांगड्या आणि अंगठ्या हात धुण्यापूर्वी उतरवाव्याच लागतात, म्हणून मी त्या कामावर घालतच नाही. यावरून घरी आणि सासरी किती वर्षे समजावत राहावे लागले, हे येथील भगिनींना सांगायला नको.

दुसरा मुद्दा ओळखीचा आहे. स्त्री डॉक्टर सलवार-कुर्त्यात वॉर्डात उभी असली की नातेवाईक तिला सिस्टर म्हणून हाक मारतात आणि शेजारच्या पुरुष आंतरवासिताला डॉक्टर म्हणतात. परिचारिकेचे काम कमी मोलाचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही, परंतु रात्री दोन वाजता रक्तस्राव होत असताना निर्णय कोण घेणार आहे, हे नातेवाइकांना चटकन कळणे गरजेचे असते. ज्या पुरुष सहकाऱ्यांना ॲप्रन अनावश्यक वाटतो त्यांनी ही बाजू ध्यानात घ्यावी. मी ॲप्रन रोज घालते, अर्ध्या बाह्यांचा घालते, आणि रोज बदलते.

या संदर्भात मला आनंदीबाई जोशी यांचे ते प्रसिद्ध छायाचित्र नेहमी आठवते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेल्या त्या छायाचित्रात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली यांच्यासोबत आनंदीबाई साडीत बसल्या आहेत. त्या थंडीत, परक्या देशात, शवविच्छेदनाच्या आणि रुग्णतपासणीच्या कामात साडी सांभाळणे किती कष्टाचे गेले असेल, हे साडीत एक जरी राउंड घेतलेला असेल त्या डॉक्टरला कळेल. कपड्याच्या निवडीत केवढा निश्चय असू शकतो, हे मला त्या चित्रात दिसते.

फुरसतीविषयी म्हणाल तर माझा खर्च साड्यांवर होतो आणि त्याची मला मुळीच खंत नाही. दिवसभर हिरव्या सुती कपड्यांत राहिल्यावर लग्नसमारंभात येवल्याची पैठणी नेसण्याचा आनंद मला मोलाचा वाटतो. येवला नाशिक जिल्ह्यातच असल्याने विणकराकडून थेट घेता येते.

यॉर्कशायरकर

मी इंग्लंडमध्ये जनरल प्रॅक्टिशनर आहे आणि त्याआधी काही वर्षे रुग्णालयात होतो. येथे २००७ च्या सप्टेंबरमध्ये आरोग्य खात्याने रुग्णाला हात लावणाऱ्या सर्वांसाठी कोपराखाली हात उघडे ठेवण्याचे धोरण जाहीर केले. लांब बाह्या, मनगटी घड्याळ, टाय आणि पूर्वापार चालत आलेला पांढरा कोट हे सारे वॉर्डातून गेले. आज येथे पांढऱ्या कोटातील डॉक्टर क्वचितच दिसतो. कपडे धुण्याच्या सूचनाही स्पष्ट आहेत : ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दहा मिनिटे धुतल्यास जवळजवळ सर्व जंतू निघून जातात.

टायविषयी न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात झालेली पाहणी २००४ मध्ये बरीच गाजली होती. तेथे तपासलेल्या डॉक्टरांच्या टायपैकी सुमारे निम्म्या टायवर रोग निर्माण करू शकणारे जंतू सापडले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या सुरक्षारक्षकांच्या टायवर ते प्रमाण दहात एक एवढेच होते. टाय कोणी धुवत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे.

मात्र दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. डेन्व्हर येथील रुग्णालयात १०० डॉक्टरांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना नुकतेच धुतलेले अर्ध्या बाह्यांचे गणवेश दिले होते आणि काहींनी आपले नेहमीचे, क्वचित धुतले जाणारे पांढरे कोट घातले होते. आठ तासांच्या कामानंतर दोन्ही गटांच्या कपड्यांवरील जंतूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे सकाळचा स्वच्छ कपडा संध्याकाळपर्यंत स्वच्छ राहत नाही. शिवाय कपड्यावरचे जंतू नेमके किती रुग्णांना बाधतात, हे सिद्ध करणे अवघड आहे. हात धुण्याची जागा कोणताही कपडा घेऊ शकत नाही. तरीही मला अर्धी बाहीच योग्य वाटते, कारण पूर्ण बाही घालून मनगटापर्यंत हात धुताच येत नाहीत.

बालवैद्य

लहान मुलांच्या दवाखान्यात पांढरा कोट मी पहिल्याच वर्षी सोडला. इंजेक्शनची आठवण असलेले मूल दारातच रडू लागले की छातीचा आवाज नीट ऐकू येत नाही. रंगीत, चित्रे असलेले सुती टी-शर्ट मी घाऊक घेतो आणि ते लवकर विटतात म्हणून त्यांवर जास्त खर्च करत नाही. मोठ्यांमध्येही डॉक्टरांसमोर रक्तदाब वाढलेला आढळतो आणि घरी तो सामान्य असतो. ती वाढ केवळ कोटामुळे होते असे नाही, पण वैद्यकशास्त्राने तिला ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ असे नाव कोटाचेच दिले आहे.

जुना सर्जन

बालवैद्य यांचे त्यांच्या शाखेपुरते बरोबर आहे. प्रौढ रुग्णांची अपेक्षा वेगळी असते. अमेरिकेतील दहा शिक्षण रुग्णालयांतील ४,०६२ रुग्णांना डॉक्टरांची निरनिराळ्या पोशाखांतील छायाचित्रे दाखवून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक रुग्णांनी डॉक्टरांचा पोशाख आपल्याला महत्त्वाचा वाटतो असे सांगितले आणि एकंदर पसंती औपचारिक पोशाखावर पांढरा कोट या वेशाला मिळाली. शस्त्रक्रिया आणि आणीबाणी या विभागांत मात्र स्क्रबही रुग्णांना चालले. आपल्या जिल्ह्यांतही मला हेच अनुभवाला आले आहे. खेड्यातून आलेला म्हातारा माणूस डॉक्टरकडे येताना स्वतः धुतलेले धोतर नेसून येतो. त्याच्यासमोर चुरगळलेल्या टी-शर्टात बसणे मला त्याचा अनादर करण्यासारखे वाटते.

शस्त्रक्रियागृहाविषयी थोडे लिहितो. प्रखर दिव्याखाली पांढरे कापड डोळ्यांना त्रास देते आणि लाल रंगाकडे सतत पाहिल्यावर हिरवा-निळा रंग नजरेला विसावा देतो, म्हणून ते रंग आले. सुती कापडाचा आग्रह मुळात ईथरसारख्या पेट घेणाऱ्या भूलद्रव्यांच्या काळातला आहे, कारण कृत्रिम धाग्यांत स्थिर विद्युत साठून ठिणगी पडण्याचा धोका असे. ती द्रव्ये गेली, तरी घाम शोषण्यासाठी आणि ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेत टिकण्यासाठी आमच्याकडे सुती कापडच वापरले जाते.

औषध कंपन्यांच्या नावाचे ॲप्रन आणि टाय एके काळी घरोघरी असत. डिसेंबर २००९ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने नियमावलीत दुरुस्ती करून कंपन्यांकडून भेटी स्वीकारण्यास डॉक्टरांना मनाई केली. तरुण सहकाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, चारशे रुपयांचा ॲप्रन स्वतःच्या पैशांनी घ्या. आपल्या छातीवर औषधाचे नाव वाचत रुग्णाने समोर बसणे योग्य नाही.

वैशाखवणवा

मी डॉक्टर नाही. वडिलांच्या डायलिसिसमुळे आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जातो. आमच्यासारख्यांना कपडा कोणत्या कंपनीचा आहे हे कळतही नाही, पण छातीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत नाव आणि पद लिहिलेले असावे असे फार वाटते. गळ्यातील ओळखपत्र नेहमी उलटे फिरलेले असते.

जमाखर्च

सनदी लेखापाल या नात्याने खर्चाची बाजू मांडतो, कारण पुष्कळ डॉक्टर मला मार्चमध्ये कपड्यांची बिले आणून देतात. सर्वसाधारण शर्ट, सूट किंवा साडी ही कामावर वापरली तरी वैयक्तिक खर्चच ठरते, कारण ती बाहेरही वापरता येते. ब्रिटनमध्ये १९८३ साली एका महिला बॅरिस्टरच्या न्यायालयातील काळ्या कपड्यांबाबत सर्वोच्च न्यायपीठाने हेच ठरवले होते. ॲप्रन, स्क्रब, क्ष-किरणांपासून बचाव करणारा शिशाचा ॲप्रन आणि त्यांची धुलाई यांचा दावा व्यवसायखर्च म्हणून अधिक भक्कमपणे करता येतो, मात्र बिल दवाखान्याच्या नावे हवे. जे डॉक्टर प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरण्याची अनुमानित पद्धत स्वीकारतात, त्यांना असा वेगळा खर्च दाखवता येत नाही. त्या पद्धतीची मर्यादा ५० लाख रुपये असून रोख व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असल्यास ती ७५ लाख आहे. पगारदार डॉक्टरांना गणवेश भत्त्यावरील सूट प्रत्यक्ष खर्चाइतकी आणि फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

वस्तू व सेवा कराचा बदलही उपयोगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के कर आहे आणि त्यापुढे १८ टक्के. पूर्वी ही मर्यादा १,००० रुपये होती. म्हणजे परळच्या निवासी मित्रांनी सांगितलेले बहुतेक स्क्रब आता खालच्या दरात येतात आणि वैद्यकीय संमेलनासाठी घेतलेला ब्लेझर वरच्या दरात जातो.

छावणी

मी लष्करी वैद्यकीय सेवेत आहे आणि शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात झाले. आमच्याकडे निवडीचा प्रश्न जवळजवळ नाहीच. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी वार्षिक २०,००० रुपयांचा एकत्रित पोशाख भत्ता ठरला आणि परिचारिकांसाठी महिन्याला १,८०० रुपये. रक्कम पुरते की नाही यावर मतभेद असतील, पण कामाचा कपडा ही मालकाची जबाबदारी आहे हे तत्त्व तरी त्यात मान्य झाले आहे. नागरी निवासी डॉक्टरांच्या संघटनांनी विद्यावेतनाबरोबर ही मागणी ठामपणे मांडावी. फुरसतीतही आमच्या मेसमध्ये कॉलरचा शर्ट आणि बूट लागतात, त्यामुळे मोकळे कपडे फक्त सुट्टीवर गावी गेल्यावर.

बाराबंदी

सोलापुरात आमचा गणवेश शिवण्याचा कारखाना आहे. शाळांबरोबर आता रुग्णालयांचीही कामे येतात, म्हणून कापडाविषयी लिहितो. ताणले जाणारे कापड अंगाला सुखाचे असते, परंतु त्यातील स्पॅन्डेक्सचा धागा उकळत्या पाण्याने आणि ब्लीचने लवकर मरतो. महागडा जोड सहा महिन्यांत गुडघ्यापाशी सैल झाला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी तो रुग्णालयाच्या धुलाईत टाकलेला असतो. यॉर्कशायरकर यांनी सांगितलेल्या तापमानाला कपडे धुवायचे असतील तर सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड बरे, आणि सुती भाग जास्त असेल तर कापड आधी आटवून घेतलेले आहे याची खात्री करावी. खिशाच्या तोंडाला दुहेरी शिलाई आणि कोपऱ्यांवर टाके मारून घ्या, कारण स्क्रब प्रथम तेथेच फाटतात. वैशाखवणवा यांनी म्हटल्याप्रमाणे मराठीत नाव भरतकामाने घालता येते आणि त्याचा खर्च जोडामागे फार येत नाही. छापील नाव मात्र ब्लीचने जाते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुना सर्जन यांचे धोतराचे निरीक्षण मला खोलवर पटले. छावणी आणि परळचा निवासी यांच्यामुळे माझ्या मूळ मतात एक भर घालतो : संख्या आणि धुलाई ही डॉक्टरची जबाबदारी आहे असे मी लिहिले होते, ते स्वतःचा दवाखाना असलेल्यांपुरते खरे आहे. जेथे डॉक्टर नोकरीत किंवा शिक्षणात आहे, तेथे मापाचे कपडे, बदलण्याची खोली आणि उष्ण पाण्याची धुलाई संस्थेने दिलीच पाहिजे. आमच्या लहान रुग्णालयात परिचारिका, मावशी आणि वॉर्डबॉय आपले कपडे घरी नेऊन मुलांच्या कपड्यांबरोबर धुतात, याकडे पत्नीने माझे लक्ष वेधले. त्यांच्यासाठी प्रत्येकी चार जोड आणि एक मोठे धुलाईयंत्र घेण्याचे आम्ही ठरवले आहे.

बाराबंदी, वीस माणसांच्या जोडांसाठी कोणते कापड सुचवाल, आणि मापे येथून पाठवली तर चालतील का?

बाराबंदी

डॉक्टरसाहेब, मापे पाठवण्याऐवजी लहान, मध्यम, मोठा आणि त्याहून मोठा असे चार नमुना-जोड मी पाठवतो. सर्वांना घालून पाहू द्या, वाकून आणि हात वर करून पाहू द्या, आणि मग आकडे कळवा. मावशींना पँट नको असेल तर गुडघ्याखालपर्यंतचा कुर्ता आणि सलवार त्याच कापडात होईल. कापडाचा एक मीटरचा तुकडाही सोबत देतो. तो तुमच्या नव्या यंत्रात ब्लीच घालून दहा-बारा वेळा धुऊन पाहा आणि रंग टिकला तरच मागणी नोंदवा.

गोदातीर

कुर्त्याला दोन्ही बाजूंना खिसे ठेवायला सांगा.